शोधनिबंध कोणाच्या कसोटीवर? नियतकालिकाची निवड आणि शेतकऱ्याचा हंगाम

काशीच्या गंगाकाठी शिंदे घाट आणि भोसले घाट यांच्या दरम्यान संकठा घाट आहे. आजूबाजूच्या घाटांची ही नावेच या परिसराचे मराठी मुलखाशी असलेले जुने नाते सांगतात. पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्याने तेथील विद्वत्परंपरेत मोठे स्थान मिळवले. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच घराण्यातील. सोळाव्या-सतराव्या शतकांत कोकणात किंवा देशावर एखादा शास्त्रार्थाचा वाद मिटला नाही, की तो काशीच्या पंडितांपुढे जाई. विश्वेश्वराच्या मंदिरातील मुक्तिमंडपात सभा भरे, उलटसुलट मते मांडली जात आणि निर्णयपत्रावर पंडित आपापल्या नावानिशी संमती नोंदवीत.

त्या वादांपैकी बरेचसे विधींचे आणि जातींच्या अधिकारांचे होते. त्यांचे निष्कर्ष आजच्या विज्ञानाच्या उपयोगाचे नाहीत आणि त्या सभा निःपक्षपाती होत्या असेही मानण्याचे कारण नाही. तथापि त्या व्यवहारामागील एक तत्त्व आजही टिकून आहे: दावा करणाऱ्याचा शब्द पुरेसा नसतो, त्या विषयातील जाणकारांनी तो तपासलेला असावा लागतो आणि तपासणारे कोण, हे वाचणाऱ्याला कळावे लागते. एखाद्या जैविक संजीवकाचे किंवा नव्या खतमात्रेचे पत्रक घेऊन विक्रेता गावात येतो आणि 'आंतरराष्ट्रीय शोधपत्रिकेत प्रसिद्ध' ही ओळ ठळक अक्षरांत दाखवतो, तेव्हा कृषी सहायकाने आणि शेतकऱ्याने विचारावयाचा प्रश्न तोच आहे: हे तपासले कोणी?

संशोधन नियतकालिकाची निवड ही केवळ प्राध्यापकांच्या बढतीची बाब आहे, असा समज विस्तार क्षेत्रात रूढ आहे. हा समज घातक आहे. शोधनिबंधातून माहितीपुस्तिका तयार होते, पुस्तिकेतून मेळाव्यातील भाषण, भाषणातून मोबाइलवरचा संदेश आणि संदेशातून फवारणीच्या पंपातील मात्रा. या साखळीची पहिली कडी कच्ची असेल, तर तिची किंमत निबंध लिहिणारा मोजत नाही. ती शेतकरी एका हंगामाने मोजतो. परीक्षकाने टेबलावर पकडलेली चूक लेखकाचे दोन-तीन महिने घेते, तीच चूक शेतात पकडली गेली तर पीक घेते. म्हणूनच नियतकालिकाची निवड आणि समकक्ष परीक्षण, ज्याला सर्वत्र 'पीअर रिव्ह्यू' म्हणतात, हे दोन्ही विषय विस्तार कार्याच्या कक्षेत आणले पाहिजेत.

पुणे आणि वाराणसीतून आलेला इशारा

या प्रश्नाचे गांभीर्य देशासमोर आकड्यांनिशी मांडणाऱ्या अभ्यासाचे धागे पुणे आणि वाराणसी या दोन्ही शहरांशी जोडलेले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्या काळी 'मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी' प्रसिद्ध केली होती. तिच्यात अनेक दर्जाहीन नियतकालिके शिरल्याची टीका होत होती. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर आणि श्रीधर गद्रे, काशी हिंदू विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ सुभाषचंद्र लखोटिया, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे माजी महासंचालक विश्वमोहन कटोच आणि कॅनडातील डेव्हिड मोहर यांनी या यादीची तपासणी करून मार्च २०१८ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले.

विद्यापीठांनी सुचवलेल्या ५,६९९ नियतकालिकांपैकी १,३३६ नियतकालिके त्यांनी यादृच्छिक पद्धतीने निवडली. त्यांतील ३२७ नियतकालिके स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या सूचींत आधीच असल्याने ती वगळून उरलेल्या १,००९ नियतकालिकांची छाननी केली. पत्ता, संकेतस्थळाचा तपशील, संपादकांची नावे अशी मूलभूत माहितीच नसल्यामुळे किंवा चुकीची असल्यामुळे सुमारे ३४.५ टक्के नियतकालिके पहिल्याच पायरीवर बाद झाली. आणखी ५२.३ टक्क्यांनी खोटी माहिती दिलेली आढळली: चुकीचा आयएसएसएन क्रमांक, इम्पॅक्ट फॅक्टरचे खोटे दावे, संशयास्पद सूचींत समावेश, संपादकांची अपुरी पात्रता. सर्व कसोट्या लावल्यानंतर या गटातील ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके निकृष्ट दर्जाची असावीत, असा निष्कर्ष निघाला.

ही नियतकालिके कोणा अनोळखी टोळीने यादीत घुसवली नव्हती. विद्यापीठांनीच ती सुचवली होती. म्हणजे दोष फसवणाऱ्यांपुरता मर्यादित नव्हता. न वाचता शिफारस करणाऱ्या व्यवस्थेचाही त्यात वाटा होता. पेरणीपूर्वी उगवणशक्ती तपासावी, असा आग्रह शेतकऱ्याकडे धरणाऱ्या विद्याक्षेत्राने स्वतःच्या बियाण्याची चाचणी मात्र घेतली नव्हती.

लुटारू नियतकालिकांचा बाजार

असा बाजार उभा राहण्यामागे दोन कारणे एकत्र आली. पहिले कारण मोजणीचे. नेमणूक, बढती आणि पीएच.डी. या तिन्ही ठिकाणी निबंधांची संख्या मोजली जाऊ लागली. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध प्रसिद्ध झालेला असणे वर्षानुवर्षे बंधनकारक होते. नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीत आयोगाने ही सक्ती काढली. जेथे संख्या हेच माप असते, तेथे संख्या विकणारा दुकानदार येतोच.

दुसरे कारण पैशाच्या दिशेचे. पूर्वी नियतकालिकांचा खर्च वर्गणीतून निघत असे. निबंध कोणालाही विनामूल्य वाचता यावा, या चांगल्या हेतूने लेखकाकडून प्रकाशनशुल्क घेण्याची पद्धत आली. अनेक उत्तम नियतकालिके आजही या पद्धतीने चालतात आणि परीक्षण काटेकोरपणे करतात. पण वाचकाऐवजी लेखक ग्राहक झाला की निबंध नाकारणे म्हणजे उत्पन्न नाकारणे, असा मोह निर्माण होतो. या मोहाला बळी पडलेली, किंबहुना त्याच पायावर उभारलेली नियतकालिके 'प्रेडेटरी', म्हणजे लुटारू, या नावाने ओळखली जातात.

अमेरिकेतील 'सायन्स' नियतकालिकासाठी जॉन बोहॅनन यांनी केलेला प्रयोग ऑक्टोबर २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. लायकेन, म्हणजे दगडफुलाच्या वर्गातील जीव, यापासून कर्करोगावर गुणकारी द्रव्य मिळाल्याचा दावा करणारा, मुद्दाम ढोबळ चुका पेरलेला बनावट निबंध त्यांनी ३०४ नियतकालिकांकडे पाठवला. त्यांपैकी १५७ नियतकालिकांनी तो स्वीकारला, ९८ नियतकालिकांनी नाकारला. या नियतकालिकांपैकी जवळजवळ एक तृतीयांश भारतातून चालणारी होती; त्यांतील ६४ ठिकाणी निबंध स्वीकारला गेला आणि केवळ १५ ठिकाणी नाकारला गेला. पुढे २०१९ मध्ये हैदराबाद येथील 'ओमिक्स' या प्रकाशनसंस्थेला समकक्ष परीक्षणाचे खोटे दावे करणे आणि शुल्क लपवणे या कारणांसाठी अमेरिकेतील न्यायालयाने पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला. हा व्यवसाय किती मोठा झाला होता, हे त्या रकमेवरूनच ध्यानात यावे.

यादी आली, यादी गेली

२०१८ च्या मे महिन्यात आयोगाने आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिके काढली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात 'केअर' हा संघ स्थापन झाला, त्याचा कक्ष पुणे विद्यापीठात उघडला आणि जून २०१९ मध्ये नवी, अधिक काटेकोर यादी आली. पण या यादीतील प्रतिष्ठित नियतकालिकांच्या नावांची आणि संकेतस्थळांची हुबेहूब नक्कल करणारी बनावट संकेतस्थळे निर्माण झाली आणि खऱ्या-खोट्यांची वेगळी नोंद ठेवण्याची पाळी आली. अखेरीस फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ही यादीच बंद केल्याचे जाहीर केले आणि तिच्या जागी नियतकालिक पारखण्याचे सूचक निकष दिले. पारखण्याची जबाबदारी आता संस्थांवर आणि संशोधकांवर आहे.

या निर्णयाने अनेक जण चिंतेत पडले. हाती यादी नसेल तर नवख्या संशोधकाने कोणाच्या आधाराने निवड करावी, ही चिंता खरी आहे. लहान महाविद्यालयांतील किंवा कृषी विज्ञान केंद्रांतील तज्ज्ञांना मार्गदर्शक सहज मिळत नाहीत. तरीही मागील सात-आठ वर्षांचा अनुभव एवढे शिकवतो की यादी ही कुंपणासारखी असते. कुंपणाने गुरे अडतात, पण आतल्या पिकाची राखण केल्यावाचून भागत नाही. कृषी क्षेत्रात राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमी दरवर्षी नियतकालिकांना गुण देते आणि त्या गुणांना नेमणुका व बढत्यांमध्ये मोठे वजन आहे. ही व्यवस्था उपयुक्त आहे. मात्र तो गुण नियतकालिकाचा असतो, त्यातील प्रत्येक निबंधाचा नसतो. इम्पॅक्ट फॅक्टरचेही तसेच. मागील दोन वर्षांतील निबंध एखाद्या वर्षी सरासरी किती वेळा उद्धृत झाले, एवढेच तो आकडा सांगतो. एखाद्या तालुक्याची सरासरी उत्पादकता पाहून त्या तालुक्यातील अमुक गटाचे पीक कसे आहे, हे सांगता येत नाही.

नियतकालिक निवडताना

निवडीची सुरुवात गुणांच्या तक्त्यापासून करण्याऐवजी स्वतःच्या प्रश्नापासून केली, तर बराच गोंधळ टळतो. हा निष्कर्ष कोणाच्या उपयोगाचा आहे? नागपूरच्या संत्र्यावरील डिंक्या रोगाचे किंवा रब्बी कांद्याच्या साठवणुकीचे संशोधन ज्यांना वाचावयाचे आहे, ते वाचक कोणती नियतकालिके पाहतात? आपण ज्या निबंधांचा आधार घेतला, ते कोठे प्रसिद्ध झाले होते? आपल्याच संदर्भसूचीत जी नियतकालिके पुन्हा पुन्हा दिसतात, ती बहुधा योग्य निवड असतात. विशिष्ट पिकांना वाहिलेल्या विद्वत्संस्थांची नियतकालिके या दृष्टीने मोलाची आहेत. वाराणसीजवळील जखिनी येथे भारतीय भाजीपाला संशोधन संस्था आहे. भाजीपाला शास्त्रज्ञांच्या देशव्यापी संस्थेचे 'व्हेजिटेबल सायन्स' हे नियतकालिक तेथूनच चालते. भारतीय कृषी संशोधन परिषदेचे 'इंडियन जर्नल ऑफ ॲग्रिकल्चरल सायन्सेस' १९३१ पासून निघत आहे. परदेशी नाव असलेले प्रत्येक नियतकालिक श्रेष्ठ आणि देशी नियतकालिक दुय्यम, ही समजूत सोडून द्यावयास हवी. लुटारू नियतकालिकांना नावात 'इंटरनॅशनल' हा शब्द घालण्याची मोठी हौस असते.

पारख करताना काही साध्या गोष्टी पाहाव्यात. संपादक मंडळातील दोन-तीन नावे घेऊन त्यांच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ती व्यक्ती खरोखर आहे का आणि तिने या पदाचा उल्लेख केला आहे का, हे पाहावे. मागील दोन अंकांतील निबंध उघडून वाचावेत. मृदाशास्त्र, बँकिंग आणि दंतवैद्यक एकाच अंकात नांदत असतील तर सावध व्हावे. 'सात दिवसांत स्वीकृती' असे आश्वासन म्हणजे परीक्षण होणार नाही याची लेखी कबुली होय. शुल्क किती, ते केव्हा भरावयाचे आणि कोणाच्या खात्यात, हे निबंध पाठवण्यापूर्वी स्पष्ट असले पाहिजे. इम्पॅक्ट फॅक्टरचा दावा असेल तर तो क्लॅरिव्हेट या संस्थेच्या अहवालातील आहे का, हे तपासावे. त्यासारख्या नावांचे बनावट निर्देशांक पुष्कळ आहेत. स्कोपसमध्ये समावेश असल्याचा दावा स्कोपसच्याच सूचीत पडताळावा. नियतकालिकाच्या पानावरील चिन्हावर विसंबू नये. आयएसएसएन हा आठ अंकी ओळखक्रमांक आहे, गुणवत्तेचे प्रमाणपत्र नाही. वाहनाला नोंदणी क्रमांक असतो, म्हणून चालक कुशल ठरत नाही. आणि ईमेलने आपुलकीने निमंत्रण देणाऱ्या नियतकालिकाचा पत्ता त्या ईमेलमधील दुव्यावरून उघडू नये; नक्कल केलेली संकेतस्थळे अशाच वाटेने गळाला लावतात.

शुल्काविषयी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पैसे भरल्यावाचून चांगल्या ठिकाणी निबंध छापून येत नाही, असे अनेक तरुण संशोधक मानतात. वर्गणीवर चालणारी अनेक नामवंत नियतकालिके लेखकाकडून प्रकाशनशुल्क घेत नाहीत. 'एक राष्ट्र, एक वर्गणी' या योजनेस केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपयांची तरतूद आणि सुमारे तेरा हजार नियतकालिके असे तिचे स्वरूप आहे. सरकारी उच्च शिक्षण संस्थांना आणि केंद्राच्या संशोधन संस्थांना त्यामुळे दर्जेदार नियतकालिके वाचावयास मिळू लागली आहेत. चांगले वाचावयास मिळाले की वाईट ओळखता येते. या योजनेचा हा लाभ सर्वांत मोठा ठरावा.

परीक्षणाची वाट

निबंध पाठवल्यावर पुढे काय घडते, याची कल्पना नसल्याने अनेक जण मध्येच धीर सोडतात. प्रथम संपादक स्वतः निबंध पाहतो. विषय नियतकालिकाच्या कक्षेत बसत नसेल किंवा प्रयोगाची मांडणीच सदोष असेल, तर तो तेथूनच परत येतो. पुढे गेलेला निबंध सहसा दोन किंवा तीन परीक्षकांकडे जातो. काही ठिकाणी परीक्षकाला लेखकाचे नाव कळते पण लेखकाला परीक्षकाचे कळत नाही. काही ठिकाणी दोघांनाही परस्परांची नावे कळत नाहीत. परीक्षक बहुधा विनामोबदला काम करतात. त्यांच्या अभिप्रायावरून संपादक स्वीकृती, किरकोळ सुधारणा, मोठी सुधारणा किंवा नकार यांपैकी एक निर्णय देतो. थेट स्वीकृती विरळाच. मोठ्या सुधारणांची मागणी हा नकार नसून दार उघडे असल्याची खूण असते, हे अनुभवी मार्गदर्शकाने विद्यार्थ्याला आवर्जून सांगितले पाहिजे.

उदाहरणादाखल असे समजा की, एका कृषी विज्ञान केंद्राने रब्बी कांद्यावर एका जिवाणू खताची चाचणी घेतली आणि उत्पादन वाढल्याचा निबंध पाठवला. परीक्षक विचारील: प्रयोगाची रचना कोणती, पुनरावृत्ती किती? तुलनेसाठी खताविना ठेवलेली वाफे होती का? लागवडीपूर्वी माती परीक्षण झाले होते का? वाण कोणता, लागवडीची तारीख कोणती? वाढलेले उत्पादन क्रांतिक फरकापेक्षा अधिक आहे का? एकाच हंगामाच्या आणि एकाच ठिकाणच्या आकड्यांवरून सर्व विभागासाठी शिफारस कशी करता येईल? खताचा पुरवठा उत्पादक कंपनीने विनामूल्य केला असेल, तर तसे निबंधात नमूद केले आहे का?

यांतील एकही प्रश्न विद्वत्तेचा डौल मिरवण्यासाठी विचारलेला नाही. हे सारे प्रश्न बांधावरचा जाणता शेतकरीही विचारतो, त्याचे शब्द तेवढे वेगळे असतात. 'शेजारच्या वाफ्यात काय झाले?' हा त्याचा प्रश्न म्हणजे नियंत्रण गटाचाच प्रश्न आहे. 'यंदा पाऊस बरा होता म्हणून आले असेल' ही त्याची शंका म्हणजे एका हंगामाच्या निष्कर्षावरील हरकत आहे. ज्या निबंधाने परीक्षकाला ही उत्तरे दिली आहेत, तो घेऊन विस्तार कार्यकर्ता शेतकऱ्यापुढे निर्धास्तपणे उभा राहू शकतो.

परीक्षकाच्या अभिप्रायाला उत्तर देण्याचीही एक रीत आहे. प्रत्येक मुद्दा क्रमाने घ्यावा, काय बदलले आणि कोणत्या पानावर, हे लिहावे. जेथे परीक्षकाचे म्हणणे पटत नाही, तेथे आदर राखून आणि पुराव्यासह तसे सांगावे. परीक्षकाचे सर्व मान्य करणे बंधनकारक नसते, पण प्रत्येक मुद्द्याची दखल घेणे बंधनकारक असते. ज्या त्रुटी दुरुस्त होण्याजोग्या नाहीत, उदाहरणार्थ घेतलाच गेला नाही असा दुसरा हंगाम, त्या लपवण्यापेक्षा मर्यादा म्हणून मान्य कराव्यात आणि निष्कर्षाची भाषा तेवढी सौम्य करावी. एकच निबंध एकाच वेळी दोन नियतकालिकांकडे पाठवणे हा गैरव्यवहार समजला जातो. नकार आला तर अभिप्रायानुसार निबंध सुधारावा आणि मगच दुसरीकडे पाठवावा. तोच परीक्षक पुन्हा समोर येण्याची शक्यता छोट्या विषयांत बरीच असते.

परीक्षणाच्या मर्यादा आणि शेतावरची कसोटी

समकक्ष परीक्षणावर आक्षेपही आहेत आणि ते दुर्लक्षून चालणार नाही. ते मंद आहे. त्यात इंग्रजीचे ओझे आहे. उत्तम प्रयोग करणारा मराठी माध्यमातील संशोधक भाषेच्या कारणाने मागे पडतो. परीक्षक पक्षपाती असू शकतो. 'नेचर'सारख्या नियतकालिकाने प्रत्येक निबंधासाठी बाह्य परीक्षण अनिवार्य केले ते १९७३ मध्ये. म्हणजे ही व्यवस्था अनादी नाही आणि निर्दोषही नाही. जनुकीय परिवर्तित मक्याचा उंदरांवरील परिणाम सांगणारा फ्रान्समधील सेरालिनी गटाचा निबंध २०१२ मध्ये परीक्षण करणाऱ्या नियतकालिकातच प्रसिद्ध झाला. प्रत्येक गटातील उंदरांची संख्या आणि त्यांचा वाण पाहता निष्कर्ष निर्णायक ठरत नाही, असे कारण देऊन संपादकाने तो २०१३ मध्ये मागे घेतला आणि पुढील वर्षी तो दुसऱ्या नियतकालिकात पुन्हा छापला गेला. भारतात बीटी पिकांच्या चर्चेत दोन्ही बाजू त्याचा उल्लेख करीत राहिल्या. यावरून दोन गोष्टी शिकाव्यात: परीक्षण झाले म्हणजे सत्य ठरले असे नाही, आणि चांगल्या नियतकालिकाची खूण ही की चूक आढळल्यावर ती जाहीरपणे दुरुस्त होते. लुटारू नियतकालिकात निबंध मागे घेण्याची पद्धतच बहुधा नसते. तेथे सारेच कायम बरोबर असते.

सुदैवाने शेतीत शोधनिबंध हा शेवटचा शब्द नसतो. वाराणसीच्या संस्थेची काशी अनमोल मिरची किंवा काशी कंचन चवळी यांसारखे वाण शेतकऱ्याला ठाऊक होतात, ते निबंधाच्या बळावर नव्हे. भाजीपाल्याच्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पासारख्या व्यवस्थेत निरनिराळ्या ठिकाणी आणि अनेक हंगामांत चाचण्या होतात, तेथे एका केंद्राचा दावा दुसऱ्या केंद्राच्या मातीत तपासला जातो. महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांची संयुक्त कृषी संशोधन व विकास समिती, म्हणजेच 'जॉइंट ॲग्रेस्को', दरवर्षी भरते. एका विद्यापीठाने मांडलेल्या वाणावर, अवजारावर किंवा तंत्रज्ञानाच्या शिफारशीवर इतर विद्यापीठांचे शास्त्रज्ञ प्रश्न विचारतात आणि अपुरी आकडेवारी असलेल्या शिफारशी मागे ठेवल्या जातात. महाराष्ट्राच्या शेतीचे हे स्वतःचे समकक्ष परीक्षण आहे. कीडनाशकांच्या बाबतीत केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीने त्या पिकासाठी दिलेला लेबल क्लेम हाच आधार. कितीही मोठ्या नियतकालिकातील निबंध त्याची जागा घेऊ शकत नाही. विस्तार कार्यकर्त्याने दाव्याचे वजन या क्रमाने जोखावे: विक्रेत्याचे पत्रक, न तपासलेला निबंध, तपासलेला निबंध, अनेक ठिकाणच्या चाचण्या आणि अखेरीस विद्यापीठाची मान्य शिफारस.

जबाबदारी कोणाची

यादीचा आधार गेल्यावर जी जबाबदारी आली आहे, ती एकट्या विद्यार्थ्याच्या खांद्यावर टाकणे अन्यायाचे होईल. विद्यापीठांनी आणि संशोधन संस्थांनी मूल्यमापनात निबंधांची संख्या मोजण्याऐवजी उमेदवाराने निवडलेले मोजके निबंध तज्ज्ञांकडून वाचून घ्यावेत. वाचण्यास वेळ लागतो, हा आक्षेप येईल. पण जे निबंध वाचण्यास निवड समितीला वेळ नाही, ते लिहिण्यात शास्त्रज्ञाचा वेळ का घालवावा? प्रत्येक संस्थेत ग्रंथपाल आणि दोन अनुभवी संपादक-परीक्षक यांचा एक लहान कक्ष असावा. निबंध पाठवण्यापूर्वी नियतकालिकाची पारख करून देणे हे त्याचे काम असावे. निःस्वार्थ परीक्षण करणाऱ्यांच्या श्रमाची नोंद वार्षिक अहवालात व्हावी. अपयशी ठरलेल्या चाचण्याही प्रसिद्ध कराव्यात. जे खत परभणीच्या काळ्या मातीत उपयोगी पडले नाही, त्याची माहिती शेजारच्या जिल्ह्याला वेळीच मिळाली तर पुष्कळांचा पैसा वाचेल.

विस्तार कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात 'शोधनिबंध कसा वाचावा' हा एक दिवसाचा विषय समाविष्ट करणे कठीण नाही. प्रयोगाची रचना, पुनरावृत्ती, हंगाम, ठिकाण, निधीचा स्रोत आणि नियतकालिकाची पारख एवढ्या सहा बाबी पाहण्याची सवय लागली, तरी गावोगावी फिरणाऱ्या निम्म्या पत्रकांचे खरे रूप उघडे पडेल. प्रगतिशील शेतकऱ्यांनीही संकोच बाळगू नये. मेळाव्यात एखादे उत्पादन संशोधनाच्या नावाने मांडले गेले, तर निबंध कोठे प्रसिद्ध झाला, चाचणी किती ठिकाणी आणि किती हंगाम झाली, आणि विद्यापीठाची शिफारस आहे का, असे तीन प्रश्न सभेतच विचारावेत. उत्तर देणाऱ्याकडे पुरावा असेल तर त्याला आनंदच होईल. नसेल तर सभेला ते कळेल.

प्रत्येक शोधनिबंधाच्या अखेरीस मराठीत अर्ध्या पानाचा सारांश जोडण्याचा नियम राज्यातील कृषी विद्यापीठांना सहज करता येईल. काय तपासले, कोठे तपासले, काय आढळले आणि कोणत्या परिस्थितीसाठी हे लागू नाही, एवढेच त्यात असावे. इंग्रजी निबंध परीक्षकांनी तपासावा आणि मराठी सारांश शेतकऱ्यांनी. ज्यांच्या शेतावर निष्कर्ष वापरला जाणार आहे, ते या अर्थाने संशोधकाचे समकक्षच आहेत. त्यांच्या हरकतीही संपादकाच्या पत्राइतक्याच गांभीर्याने घेतल्या गेल्या पाहिजेत.